शेवटचा फर्मा

२ सप्टेंबर, सोमवार

रोज चार ओळी लिहाव्यात असं पुस्तकात लिहिलंय, म्हणून लिहितेय. एरवी मी आणि दैनंदिनी? घरातलं कॅलेंडरसुद्धा मी महिना उलटून गेल्यावर फाडते.

आजपासून मी छापखान्याच्या बाइंडिंग खात्याची प्रमुख. मालकांनी सकाळीच केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, "नवं मशीन येतंय. घडी घालणं, फर्मे जुळवणं, पाठीला गोंद लावणं, सगळं तेच करणार. तुझ्या हाताखालच्या आठ जणी लागणार नाहीत, पाच पुरे. कुठल्या तीन जाणार ते एक ऑक्टोबरच्या आत मला सांग. तू त्यांच्यातलीच आहेस, तुला बरोबर कळेल." मला आनंद झाला आणि भीतीही वाटली. आधी काय झालं ते आठवत नाही.

निघताना म्हणाले, "ते पिवळं पुस्तक आपल्याकडेच छापायला आलंय बघ. माणसं कशी हाताळायची, बदलाला तोंड कसं द्यायचं. शहाण्या माणसानं लिहिलंय. वाचून काढ." कुठल्याशा कारखान्याचा मोठा साहेब आहे म्हणे लेखक. पुस्तक छोटंसं, सहा फर्म्यांचं. पहिला फर्मा आज मशीनवरून उतरला, तोच घरी आणला.

आमच्या ह्यांना लग्नाला बावीस वर्षं झाली तरी फर्मा म्हणजे काय ते कळत नाही. आज पुन्हा सांगितलं, की एका मोठ्या कागदावर सोळा पानं छापतात, त्याची घडी घातली की झाला फर्मा, आणि असे फर्मे ओळीनं लावले की झालं पुस्तक. हे म्हणाले, "म्हणजे तू पुस्तक तुकड्यातुकड्यानं वाचणार?" म्हटलं, हो, मालिका नाही का बघत तुम्ही तुकड्यातुकड्यानं?

आठ जणींत ताई आहे. माझी सख्खी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची आणि ताई एकोणीसची. मला हिनंच वाढवलं, हिनंच या छापखान्यात आणलं, फर्म्याची घडी हाडकाच्या पट्टीनं कशी दाबायची तेही हिनंच शिकवलं. सगळ्यांना ठाऊक आहे हे. आज सगळ्या माझ्याकडे बघत होत्या आणि मी कुठे बघते तेही बघत होत्या.

५ सप्टेंबर, गुरुवार

पुस्तकात पान अकरावर आहे: 'आपल्या सर्वांत जवळच्या माणसाला पहिला नकार द्या. बाकीचे त्यावरून तुम्हाला जोखतात.' मी खाली रेघ मारली.

आणि काय योगायोग! दुपारी ताईच आली. "पुढच्या गुरुवारी अर्धा दिवस सुट्टी हवी होती."

"काय काम?"

"असंच. जरा जायचंय."

असंच! बाकीच्यांनी कान टवकारलेले. मी मोठ्यानं म्हटलं, "असंच म्हणून सुट्टी मिळणार नाही. नियम सगळ्यांना सारखा." ताई हसली आणि म्हणाली, "बरं." जागेवर जाताना कागदाच्या ठोकळ्याला धडकली. रागात असली की माणसाला पायाखालचं दिसत नाही. पण मी पहिली परीक्षा पास झाले. मामीसुद्धा गप्प बसली. मामी म्हणजे ताईच्या शेजारच्या टेबलावरची, खात्यातली सगळ्यांत फटकळ बाई. ती गप्प बसते म्हणजे माझं काहीतरी बरोबर चाललंय.

१० सप्टेंबर, मंगळवार

आज माझं डोकं फिरलंय.

सध्या शाळेच्या भूगोलाचं काम चालू आहे. प्रत्येकीच्या लांब टेबलावर आठ फर्म्यांचे आठ गठ्ठे ओळीनं मांडलेले असतात. एकेकीनं आपल्या टेबलाशी उभं राहून उजवीकडून डावीकडे एकेक उचलत जायचं, की पुस्तक जुळलं. आंधळ्या माणसालाही जमेल असं काम. ताई ते अठ्ठावीस वर्षं करतेय. आणि आज ताईच्या चळतीत चौदा पुस्तकांत आठवा फर्माच नाही! नेहमी तोच. डावीकडचा शेवटचा. जुळलेल्या पुस्तकाच्या पाठीवर काळ्या खुणा असतात, फर्मे बरोबर लागले की त्या पायऱ्यांसारख्या खाली उतरत जातात. एक नसला की पायरी तुटलेली दिसते. एरवी हिनंच दुसऱ्यांच्या तुटलेल्या पायऱ्या पकडल्यात.

दुसरा फर्मा म्हणतो, 'चुका भिंतीवर लावा. आकड्याला नातं नसतं.' मी भिंतीवर तक्ता लावला. आठ नावं, समोर चुका. ताई चौदा, बाकीच्या एक, दोन, शून्य. ताई तक्त्याच्या अगदी जवळ जाऊन मान वाकडी करून बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं काहीतरी बोलेल. मग जागेवर जाऊन पुढचं पुस्तक जुळवायला लागली.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

हे आता फार झालं. संध्याकाळी भाजी घेऊन येत होते, रस्त्यात ताई दिसली. तिच्या डाव्या बाजूनं गेले, हात केला, हसलेसुद्धा. ही सरळ पुढे! माझ्याकडे बघितलंही नाही. भिंतीच्या कडेकडेनं, हळूहळू, राणीसारखी. अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या.

घरी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "हाक मारायचीस ना."

"मी का मारू? मोठी ती आहे."

"अगं, मग जाऊन विचार, काय झालंय."

विचारायचं काय त्यात? मी प्रमुख झाले ते तिच्या पचनी पडत नाहीये. तिला वाटलं असणार, अठ्ठावीस वर्षं मी केली आणि खुर्ची मिळाली हिला. पुस्तकात पान चाळीसवर हेच आहे: 'बदलाला विरोध करणारा माणूस कारणं सांगत बसतो. कारणं विचारू नका, ती कधी संपत नाहीत.'

१८ सप्टेंबर, बुधवार

चार दिवसांत ताईची एकही चूक नाही. तक्त्याचा गुण! मालकांना सांगितलं, ते खूश. म्हणाले, "बघ, पुस्तकात दम आहे."

१९ सप्टेंबर, गुरुवार

कसला गुण आणि कसलं काय. आज मागच्या दारानं आले म्हणून कळलं. मामीनं आपलं टेबल सरकवून ताईच्या डाव्या हाताला लावलंय, आणि आपलं काम करता करता शेवटचा फर्मा उचलून हळूच ताईच्या हातात देते! अगदी सराईतासारखं चाललं होतं. म्हणजे ताईनं मेहनत घ्यायची नाही, मामीनं तिला झाकायचं, आणि मी मूर्खासारखी मालकांपुढे टिमकी वाजवायची.

मी मामीला खिडकीकडच्या टेबलावर पाठवलं. मामी म्हणाली, "अगं बाई, तिला राहू दे की माझ्याजवळ."

"का?"

मामीनं ताईकडे बघितलं. ताईनं मान हलवली, नको म्हणून. मामी आपली पट्टी उचलून तिकडे गेली. कटच आहे यांचा माझ्याविरुद्ध. तिसऱ्या फर्म्यात आहेच, 'जोड्या फोडा, त्या एकमेकांच्या चुका लपवतात.' अक्षरशः माझ्यासाठीच लिहिल्यासारखं.

२४ सप्टेंबर, मंगळवार

ताईच्या नऊ चुका. शिवाय हात लागून डावीकडचा अख्खा गठ्ठा जमिनीवर पाडला. शंभर-सव्वाशे फर्मे पायाशी पसरले. मी सगळ्यांसमोर ओरडले, "समोरचं दिसत नाही का तुला?"

ताई खाली बसून हातानं चाचपत फर्मे गोळा करायला लागली. मामी मदतीला उठली, तर मी तिला हातानंच बसवलं. एक फर्मा टेबलाच्या पायाशी पडला होता, ताईच्या हातापासून वीतभर लांब. तो तिनं तसाच राहू दिला. मुद्दाम. शेवटी मीच उचलला.

संध्याकाळी ती पुन्हा आली, "परवा गुरुवार आहे. अर्धा दिवसच हवाय गं." आज 'गं' म्हणाली. कामावर ती मला कधी 'गं' म्हणत नाही. एक क्षण वाटलं, द्यावी. पण नऊ चुका करून वर सुट्टी? "यादी होईपर्यंत कुणालाच सुट्टी नाही," म्हटलं. "न सांगता राहिलीस तर ते माझ्या हातात राहणार नाही."

"नाही, नाही," ती म्हणाली, "राहणार नाही मी."

घरी येऊन जेवले नाही. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. खरं म्हणजे डोकं दुखत नव्हतं.

३० सप्टेंबर, सोमवार

यादी झाली. ताईचं नाव पहिलं. दुसऱ्या दोघी नव्या आहेत, दोन-दोन वर्षांच्या. त्यांची नावं लिहिताना हात थांबला नाही आणि हिचं लिहिताना थांबला, म्हणूनच हिचं आधी लिहिलं. सदतीस चुका आहेत तिच्या. मी वगळून दुसरी कुणीही प्रमुख असती तरी हेच नाव आलं असतं. हे वाक्य मी तीनदा वाचलं, त्यात खोटं काही नाही.

पाचव्या फर्म्यात आहे, 'निर्णय लेखी द्या. तोंडी बोललात की डोळे भरून येतात, आवाज फुटतो, निर्णय मोडतो.' मालकांनी तीन पत्रं टाइप करून ठेवली आहेत. सहाव्या फर्म्याचा अजून पत्ता नाही. लेखक अजून दुरुस्त करतोय म्हणे. सोळा पानांत एवढं काय दुरुस्त करतो कोण जाणे.

१ ऑक्टोबर, मंगळवार

दिलं पत्र.

बाकीच्या दोघींनी वाचलं, एक रडली, दुसरीनं विचारलं की अनुभवाचा दाखला मिळेल का. दोघींचं मी नीट केलं. ताईला शेवटी बोलावलं. तिनं पाकीट उघडलं, कागद खिडकीकडे धरला, जरा जवळ, जरा लांब. मग घडी घातली आणि माझ्यापुढे ठेवला.

"काय लिहिलंय, तूच सांग."

मी म्हटलं, "वाच ना. मराठीतच आहे."

"तू सांग. तुझ्या तोंडून ऐकते."

असा राग आला! मला तोंडानं बोलायला लावायचं होतं तिला. लहानपणी कपबशी फोडली की अशीच समोर उभी करायची, मी कबूल करेपर्यंत. मी घडाघडा सांगितलं: महिनाअखेरपर्यंत पगार मिळेल, उद्यापासून यायची गरज नाही, आजवरच्या सेवेबद्दल आभार. आभार मी तिच्या तोंडावर मानले. आवाज फुटला नाही.

ताई म्हणाली, "बरं झालं. आता गुरुवार मोकळा मिळेल." आणि दाराची चौकट चाचपून बाहेर गेली.

एवढंच? अठ्ठावीस वर्षांनी एवढंच? मला वाटलं होतं भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

सहावा फर्मा आला. दुपारी मशीनजवळ उभ्या उभ्याच वाचला. शाई ओली होती, बोटांना लागली. त्यातलं जसं आहे तसं इथे उतरवून ठेवते.

'माझ्या यादीत पहिलं नाव माझ्या मित्राचं होतं. त्या वर्षी तो रोज उशिरा का येत होता, हे मला तो गेल्यानंतर त्याच्या बायकोकडून कळलं. मागच्या ऐंशी पानांत लिहिलं तसाच मी तंतोतंत वागलो. कारखाना वाचला. यादीही चुकीची नव्हती. पण मी त्याला एकदाही विचारलं नाही, की तुला काय झालंय? ही पानं मी सगळ्यांत आधी लिहायला हवी होती. पाच वेळा लिहून पाच वेळा खोडली.'

मशीनवाल्या दादांवर मी किंचाळलेच. "हा फर्मा आधी का नाही छापला?"

ते बिचारे गोंधळले. "अहो, लेखकानंच आत्ता दिला. मी काय करू?"

तशीच खिडकीकडच्या टेबलावर गेले. "मामी, ताई चुका का करत होती?"

मामीनं हातातली पट्टी खाली ठेवली. "आज विचारतेस?" मग सगळं सांगितलं. ताईचा डावा डोळा गेलाय. पार गेलाय. उजव्यालाही फक्त समोरचं थोडंसं दिसतं, बोगद्यातून बघितल्यासारखं. चष्म्याच्या दुकानदारानं तीन महिन्यांपूर्वीच सांगितलं होतं, की हा चष्म्याचा मामला नाही, काचबिंदू वाटतोय, ताबडतोब डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरांकडे जा. ते डॉक्टर फक्त गुरुवारी येतात, सकाळच्या वेळात. आधी ही घाबरून टाळत राहिली. मग मनाची तयारी करून सुट्टी मागितली, तर मी दिली नाही. मामी म्हणाली, "शपथ घातली होती मला तिनं. नाहीतर त्या तक्त्याच्या चिंध्या करून तुझ्या हातात दिल्या असत्या."

तक्ता मीच काढला. त्यानं काय होतंय आता!

५ ऑक्टोबर, शनिवार

ताईकडे गेले. दार उघडंच होतं. आत पाऊल टाकलं आणि दारातच थबकले. खोलीच्या डाव्या भिंतीलगत हातभर रुंद केराचा पट्टा. ताईच्या घरात केर! उजवीकडची फरशी लख्ख, भांडी सगळी उजव्या हाताशी ओळीनं मांडलेली. गेल्या महिन्याभरात मी एकदाही तिच्या घरी आले नव्हते. आले असते तर एवढ्यावरून कळलं असतं. कदाचित.

"कोण आहे?" तिनं विचारलं. मी तिच्यापासून चार पावलांवर उभी होते.

"मी आहे, ताई."

"ये. चहा टाकते."

मी खाली बसले. तिलाच कळलं. "मामीनं सांगितलं वाटतं. तिच्या पोटात काही राहतच नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू मला झाकलं असतंस. सात जणी बघत होत्या तुझ्याकडे. आयुष्यात पहिल्यांदा कुणी तुला खुर्ची दिली, आणि मी तिचा पाय मोडायचा?"

"मी झाकलं असतं की नाही, तुला काय ठाऊक?" मी ओरडले. आताही ओरडलेच. ती दचकली नाही. आणि ओरडल्यावर मला समजलं, की खरंच कुणालाच ठाऊक नाही. मलाही नाही. गेला महिनाभर मी जशी वागलेय, ते बघता मी 'कारणं सांगू नकोस' म्हणून तिला परत पाठवलं असतं, हेही होऊ शकलं असतं. वहीत खोटं कशाला लिहू?

"पत्र मागे घ्यायला लावते मालकांना."

"नको गं. यादी बरोबर आहे तुझी. मला ते टेबलच पूर्ण दिसत नाही, काय काम करणार मी?" तिनं कप उजवीकडून माझ्यापुढे सरकवला. "फक्त तेवढी सुट्टी द्यायला हवी होतीस."

तिनं हे रागानं म्हटलं नाही. चहात साखर कमी आहे म्हणावं तसं म्हटलं. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. पंचेचाळीस वर्षांची बाई मी. ती पाठीवरून हात फिरवत राहिली आणि म्हणाली, "पुरे, पुरे, चहा गार होतोय."

मग मी केर काढला. डावीकडचा.

१० ऑक्टोबर, गुरुवार

गेल्या गुरुवारी डॉक्टर आलेच नव्हते, म्हणून ताईची वेळ आजची. मी सुट्टी घेतली. मालक म्हणाले, "मशीन उतरवायला आजच माणसं येतायत." म्हटलं, उतरवू द्या.

डॉक्टरांनी सांगितलं ते आधी लिहून टाकते. डावा डोळा परत येणार नाही. उजव्यात जेवढं शिल्लक आहे तेवढं टिकवायचं, रोज औषधाचे थेंब घालायचे, जन्मभर. मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, महिनाभर आधी आलो असतो तर? ते म्हणाले, "उजव्याचा जो भाग या महिन्यात गेला, तो कदाचित राहिला असता. नक्की नाही सांगता येत." मी 'नक्की नाही' हे शब्द धरून बसायचा प्रयत्न केला. पण डॉक्टर आधी 'कदाचित' म्हणाले होते, तेही मी ऐकलं होतं.

त्याआधी तपासणी झाली. अंधाऱ्या खोलीत मोठ्या पांढऱ्या वाडग्यासारखं यंत्र. त्यात तोंड घालून बसायचं, मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं. आत कुठेही बारीक दिवा चमकला की हातातलं बटण दाबायचं. तपासणाऱ्या बाईंनी मला शेजारी बसू दिलं. त्यांच्यासमोर पडदा होता. दिवा कुठे लागतोय ते त्यावर दिसत होतं.

आधी उजवा डोळा. दिवा मध्ये लागला की ताईचा अंगठा लगेच हलायचा. जरा बाजूला लागला की नाही हलायचा. मी मनातल्या मनात म्हणत होते, दाब ना, दाब ना गं, आहे तिथे दिवा. एकदा तर माझाच हात पुढे गेला. बाईंनी मानेनंच नको म्हणून सांगितलं.

मग उजव्यावर पट्टी बांधली आणि डाव्याची तपासणी लावली. पडद्यावर दिवे लागत गेले. वर, खाली, मध्ये, कडेला. एकामागून एक. ताई ताठ बसली होती, लहानपणी मला शाळेच्या फोटोसाठी बसवायची तशी, अंगठा बटणावर तयार ठेवून. एकदाही दाबलं नाही. मी दिवे मोजत होते, एकतीस झाल्यावर सोडून दिलं.

थोड्या वेळानं ताईनं विचारलं, "अजून सुरू नाही केलं का गं?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. 'नाही, आत्ता करतायत' हे माझ्या अगदी ओठावर आलं होतं.

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "केलंय ताई. बराच वेळ झाला."

"हो का," ती म्हणाली. आणि बटणावरचा अंगठा तसाच ठेवून ती सरळ समोर बघत बसून राहिली.